एसटीपीत हायपो दुप्पट केलं तरी जंतू का उरतात?

प्रश्न लातूरच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकांचा आहे. थोडक्यात असा: साडेचारशे मुलं, रोजचं सांडपाणी साधारण ६० हजार लिटर. एमबीबीआर पद्धतीचा (प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारा) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, त्यापुढे वाळूचा फिल्टर, मग कार्बनचा फिल्टर. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं. सुरुवातीला रोज २ लिटर सोडियम हायपोक्लोराइट (हायपो, क्लोरीन देणारं जंतुनाशक) पुरायचं. आता ४ लिटर टाकूनही अहवालात फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) हजारांत येतात, आणि मार्चपासून फ्लशच्या पाण्याला कुजका वास येतोय. एका विक्रेत्याने ओझोनचं यंत्र सुचवलंय, दुसऱ्याने हायड्रोजन पेरॉक्साइड. यातलं काय घ्यावं?

आत्ता काहीच विकत घेऊ नका. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आलेल्या नाहीत आणि दुखणं तिथंच असावं असं मला वाटतं. एक, कॅनमधल्या हायपोची आजची ताकद किती? दोन, ते हायपो तुम्ही नेमकं कुठे टाकता, कार्बन फिल्टरच्या आधी की नंतर?

मी अठ्ठावीस वर्षं वाळूज, चिकलठाणा, नांदेड आणि तुमच्या लातूरकडे सांडपाण्याचे प्लँट चालवले. त्यातले निम्मे फोन अशाच तक्रारीचे असायचे: "डोस वाढवला, तरी रिपोर्ट येत नाही."

क्लोरीन, ओझोन, पेरॉक्साइड, परमँगनेट ही सगळी ऑक्सिडंट मंडळी. समोर जे येईल त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेणं एवढंच त्यांचं काम. समोर जंतूच्या पेशीचं आवरण आहे की गटारातला सल्फाइड, हे त्यांना कळत नाही. जे पटकन ऑक्सिडाइज होतं ते आधी होतं. पंगतीत पहिल्या ओळीनेच वाढप संपवलं तर शेवटच्या ओळीच्या पानात काही पडत नाही, तसंच. सांडपाण्यात पहिल्या ओळीला बसतात सल्फाइड, लोह, अमोनिया, आणि अमोनिया नसेल तर नायट्राइट. त्यांच्या मागे सेंद्रिय घाण. जंतू शेवटी. १ मिलिग्रॅम सल्फाइडचं पूर्ण सल्फेट करायला जवळपास ९ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. १ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन ५ मिलिग्रॅम क्लोरीन गिळतो. म्हणून डोस किती हे जंतूंच्या संख्येवर कमी आणि पाण्यात उरलेल्या घाणीवर जास्त ठरतं. जंतू मारायचे असतील तर आधी पाणी स्वच्छ हवं. ऑक्सिडंट सगळ्यात शेवटी, आणि मोजून.

आता कॅनकडे येऊ. बाजारात हायपो १० ते १२ टक्क्यांचं मिळतं, म्हणजे लिटरमागे साधारण १०० ग्रॅम क्लोरीन. ४ लिटर म्हणजे ४०० ग्रॅम. ते ६० हजार लिटरमध्ये टाकलं की लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या थोडं वर जातं. नीट चाललेल्या प्लँटच्या पाण्याला हा डोस चांगला आहे. पण हा हिशोब ताज्या मालाचा झाला. हायपो उष्णतेने आणि उन्हाने आपोआप मोडतं. पत्र्याच्या शेडमध्ये, लातूरच्या एप्रिल-मेच्या चाळीस-बेचाळीस अंशांत, महिना-दीड महिन्यात ते निम्म्यावर येतं. कॅनवर ऊन पडत असेल तर त्याहून लवकर. ४ टक्क्यांवर उतरलेलं हायपो ४ लिटर टाकलं तर लिटरमागे पावणेतीन मिलिग्रॅमही पडत नाही. तुमचा डोस कागदावर दुप्पट झाला, पाण्यात तो कदाचित पहिल्यापेक्षाही कमी आहे. "मार्चपासून" हा तुमचा शब्द मला म्हणूनच महत्त्वाचा वाटला.

ताकद तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तुमच्याकडे विज्ञान शिकणारी एवढी मुलं आहेत, शेजारच्या कॉलेजची केमिस्ट्री लॅब अर्धा तास मागून घ्या. १० मिली हायपो पिपेटने घेऊन, तोंडाने न ओढता, रबरी फुग्याने ओढून, १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात पातळ करा. त्यातलं २५ मिली फ्लास्कमध्ये घ्या, पोटॅशियम आयोडाइडचे चमचाभर खडे आणि ५ मिली अॅसेटिक अॅसिड घाला. द्रावण लगेच तांबूस तपकिरी होईल. हा मोकळा झालेला आयोडीन. आता ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडा. तांबूस रंग उतरत उतरत वाळलेल्या कडब्यासारखा पिवळट झाला की स्टार्चचे काही थेंब टाका, फ्लास्क एकदम निळाकाळा होईल. आणखी दोन-चार थेंबांत तो निळा रंग नाहीसा होतो. तिथे थांबा आणि ब्युरेट वाचा. साधारण ७ मिली लागलं तर माल १० टक्क्यांचा. साडेतीन लागलं तर ५ टक्क्यांचा. नवा कॅन आला की एकदा आणि दर पंधरा दिवसांनी एकदा, एवढं केलं तरी पुरे. माझ्या एका प्लँटवर पुरवठादाराचे नवे कोरे कॅन ६ टक्क्यांचे निघाले होते. ब्युरेट नसती तर वर्षभर आम्ही ऑपरेटरलाच बोल लावत बसलो असतो.

साठवणुकीचं थोडक्यात सांगतो. एकदम तीन महिन्यांचा माल भरू नका, उन्हाळ्यात पंधरा दिवसांचाच आणा. कॅन सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी. आल्याबरोबर निम्मं पाणी घालून पातळ केलं तर मोडण्याचा वेग बराच खाली येतो. मात्र ते पाणी बोअरचं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. हायपो मुळातच खूप अल्कधर्मी असतं, त्यात जड पाणी पडलं की पांढरा चुना खाली बसतो आणि डोसिंग पंपाचा व्हॉल्व्ह, नोझल, नळी सगळं चोंदतं. पंपाचा आवाज चालू राहतो आणि नळीतून थेंबही जात नाही. आरओचं शुद्ध पाणी वापरा. पंप चालू असताना नोझलची नळी काढून मोजपात्रात दहा मिनिटं सोडून बघा, किती मिली पडतं ते. हे मी प्रत्येक नव्या प्लँटवर पहिल्या दिवशी करायचो.

दुसरा मुद्दा कार्बनचा. लहान एसटीपींमध्ये बहुतेक ठिकाणी हायपो फिल्टरच्या आधीच्या टाकीत टाकतात. तिथून पाणी वाळूत आणि मग कार्बनमध्ये जातं. कार्बनचं एक काम क्लोरीन नाहीसा करणं हेही आहे. आरओच्या आधी कार्बन त्यासाठीच तर बसवतात. म्हणजे तुम्ही पैसे देऊन टाकलेला क्लोरीन कार्बनमध्ये संपतो आणि पुढच्या टाकीत पाणी उघडं पडतं. वर कार्बनच्या दाण्यांवर सेंद्रिय पदार्थ चिकटतात, त्यावर जंतूंची वस्ती होते. फिल्टर चार-सहा दिवस बंद राहिला की आतला ऑक्सिजन संपतो आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जिवाणू माजतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. तुमच्याकडे नीटची परीक्षा झाली की मुलं गावी जातात, प्लँट अर्धा रिकामा चालतो. मुलं परत आल्यावर पहिल्या फ्लशला वास आलाच पाहिजे.

तपासायचं कसं? डीपीडीच्या गोळ्यांचा किट घ्या. पाण्यात क्लोरीन असला तर गुलाबी रंग येतो. ग्रामपंचायतीत जी पिवळा रंग देणारी ओटी टेस्ट चालते ती इथे नको. तिच्यातलं ऑर्थोटोलिडीन प्रकृतीला वाईट, आणि मोकळा क्लोरीन किती, अमोनियाला बांधलेला किती, हे तिच्यावरून नीट कळत नाही. डीपीडीची १ नंबरची गोळी मोकळा क्लोरीन दाखवते, ३ नंबरची टाकली की एकूण. कार्बनच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडचं पाणी घ्या. आधी गुलाबी आणि नंतर कोरं असेल तर तुमचा निम्मा आजार तिथेच सापडला. इलाज स्वस्त आहे: डोसिंगची नळी उचलून कार्बनच्या नंतरच्या लाइनवर न्यायची. आणि कार्बन फिल्टर आठवड्यातून दोनदा तरी नीट बॅकवॉश करायचा (उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायचा), सुट्टीतही. मला विचाराल तर फ्लशच्या पाण्याला कार्बनची गरजच नसते. वाळूचा फिल्टर पुरतो. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तो लिहिलेला असेल तर न विचारता काढू नका.

आता प्लँटच्या पोटात जाऊ. कारण कॅन ताजा आणि नळी योग्य जागी असूनही काही दिवस क्लोरीन गायब होतो, तेव्हा माणसं चक्रावतात. नांदेडकडच्या एका प्लँटवर मी स्वतः आठवडाभर चक्रावलो होतो. सकाळी अर्धा तास थांबून घेतलेल्या नमुन्यात क्लोरीन शून्य, दुपारी ठीक. हायपो ताजं, पंप ठीक, तरी हेच. शेवटी नायट्राइट तपासलं तर सकाळच्या पाण्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन. म्हणजे जंतूंपर्यंत पोहोचायच्या आत २० मिलिग्रॅम क्लोरीन एकटा नायट्राइट खात होता. आम्ही टाकत होतो ८.

कारण साधं होतं. रात्रपाळीचा माणूस ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवत होता. एरेशन टाकीतले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हवा कमी पडली की दुसरी जात आधी मागे पडते आणि काम अर्ध्यावर अडकतं. नायट्राइट साठतं. अमोनिया पूर्ण शिल्लक असतो तेव्हा क्लोरीन त्याच्याशी बांधला जातो आणि असा बांधलेला क्लोरीन नायट्राइटला फारसा हात लावत नाही. पण अमोनिया संपला आणि नायट्राइट उरलं, की मोकळा क्लोरीन त्याच्याच तोंडी जातो. म्हणून हे दुखणं अर्धवट चांगल्या चाललेल्या प्लँटला होतं. पूर्ण बिघडलेल्याला नाही.

तुमच्याकडे मुलांना रात्री अभ्यासाला आवाज होतो म्हणून ब्लोअर बंद ठेवतात का, हे जरा चौकशी करून पाहा. वसतिगृहांत हे मी अनेकदा पाहिलंय आणि कारण चांगल्या मनाचं असतं. ब्लोअरला आवाज कमी करणारी पेटी करा, खाली रबर बसवा, पण बंद करू नका. रात्री हवा बंद राहिली की सुरुवातीच्या साठवण टाकीतलं मैलपाणीही सडतं आणि सल्फाइड तयार होतो. वासाचं दुसरं मूळ हे. आणि हात जोडून सांगतो, वास कुठून येतो ते पाहायला कुणालाही त्या टाकीत उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, आणि माणूस आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही.

अमोनियाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पुस्तकात वाचून काही जण "ब्रेकपॉइंटपर्यंत क्लोरीन द्या" म्हणतात. अमोनियात क्लोरीन टाकत गेलं की आधी क्लोरामाइन बनतं, उरलेला क्लोरीन वाढतो, मग एका टप्प्यावर तो घसरतो, अमोनिया जळून नायट्रोजन वायू होतो आणि त्यानंतर मोकळा क्लोरीन दिसू लागतो. पिण्याच्या पाण्यात अमोनिया अगदी थोडा, तिथे हे परवडतं. सांडपाण्यात १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला प्रत्यक्षात ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. तुमच्या पाण्यात २० मिलिग्रॅम अमोनिया उरला असेल तर रोजचं शंभर लिटरच्या आसपास हायपो लागेल. हा नाद करायचा नाही. एक तर हवा पुरवून अमोनिया जिवाणूंकडूनच संपवायचा, नाहीतर क्लोरामाइनवर काम भागवायचं. क्लोरामाइन मंद आहे पण कोलिफॉर्मला पुरतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

वेळ म्हणजे संपर्काची टाकी, जिथे क्लोरीन दिलेलं पाणी थांबतं. नियम म्हणून अर्धा तास सांगतात. तुमचा फिल्टर पंप तासाला ६ हजार लिटर ढकलत असेल तर ३ हजार लिटरची टाकी अर्ध्या तासाची झाली, पण कागदावर. आत आडव्या भिंती नसतील आणि इनलेट-आउटलेट एकाच बाजूला असतील तर पाणी सरळ वाटेने पळतं. हे तपासायची माझी जुनी पद्धत: दोन किलो मीठ पाच-सहा बादल्या पाण्यात पातळ करून इनलेटला एकदम ओतायचं आणि आउटलेटला दर मिनिटाला टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) धरायचा. आरओमुळे तो मीटर तुमच्याकडे असेलच. आकडा चौथ्या मिनिटाला चढायला लागला तर पाण्याच्या एका भागाला चारच मिनिटं मिळतात. टाकीत दोन-तीन आडव्या भिंती घालून पाण्याला नागमोडी फिरवा. हा खर्च ओझोन यंत्राच्या तुलनेत नगण्य.

डोस किती, हे ठरवायला सहा बाटल्या घ्या. मघाशी हायपोचं १ लिटरला १० मिली असं पातळ द्रावण केलं होतं, माल १० टक्क्यांचा असेल तर त्याच्या १ मिलीत १ मिलिग्रॅम क्लोरीन असतो. फिल्टर झालेलं १-१ लिटर पाणी सहा बाटल्यांत भरा आणि त्यात २, ४, ६, ८, १२, १६ मिली टाका. अर्धा तास अंधारात ठेवा, मग डीपीडीने एकूण क्लोरीन पाहा. ज्या बाटलीत १ मिलिग्रॅमच्या आसपास उरेल तो तुमचा डोस. सकाळी सातला, सगळी मुलं एकदम आंघोळीला असतात त्यानंतर, एकदा करा. दुपारी एकदा. दोन आकड्यांत फार फरक आला तर आधी ब्लोअर आणि साठवण टाकी पाहायची. बाटल्यांत गढूळपणा डोळ्याला दिसत असेल तर प्रयोग थांबवा आणि वाळूचा फिल्टर धुवा. गाळाच्या कणाच्या पोटात बसलेल्या जंतूला क्लोरीन शिवत नाही.

पीएचही बघा. मोकळा क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो. पीएच ७ ला तीन चतुर्थांश भाग जहाल रूपात, साडेसातला निम्मा, ८ ला पाव, साडेआठला दहावा भागही नाही. बोअरच्या पाण्यामुळे तुमचा पीएच ८ च्या वर असेल तर त्यासाठी अॅसिड टाकू नका, डोस आणि वेळ थोडा वाढवा.

अहवालाबद्दल. नमुन्याची बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवं. नसेल तर प्रवासात क्लोरीन काम करत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. उलट, नमुना दुपारच्या एसटीने पार्सल म्हणून पाठवला, बर्फ नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी लावला, तर आकडा भलताच काही येईल. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत लावला पाहिजे. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत शंभर मिलीला १००० एमपीएनच्या (जंतूंच्या अंदाजी संख्येच्या) आत ही मर्यादा आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याहून कडक, कमाल २३०, सांगितली. तुमच्या संमतीपत्रात कोणता आकडा आहे तो शोधा आणि तोच धरा.

आता ओझोन. यंत्र वाईट नाही. १९०६ पासून फ्रान्समधल्या नीसमध्ये पिण्याच्या पाण्याला ओझोन वापरला गेला, आणि क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर तो चालतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत याच परजीवीने क्लोरीन दिलेल्या नळाच्या पाण्यातून अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. पण तुमच्या जागी अडचणी तीन. ओझोन पाण्यात काही मिनिटांत संपतो आणि तुमचं पाणी तर गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत दिवसभर राहतं, तिथे जंतू पुन्हा वाढतील, म्हणजे वर क्लोरीन द्यावाच लागेल. दुसरी, त्यालाही नायट्राइट आणि गाळ तितकेच आडवे येतात. प्लँट अर्धवट चालत असेल तर ओझोनही अर्धवटच काम करेल. तिसरी, मोजमापाची. असल्या पाण्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम धरले तर दिवसाला ६०० ग्रॅम ओझोन लागतो, म्हणजे चोवीस तास चालवून ताशी २५ ग्रॅम. विक्रेत्याचं यंत्र ताशी किती ग्रॅमचं आहे, आणि तो आकडा हवेवर आहे की ऑक्सिजनवर, एवढं विचारा. त्यातला प्रत्यक्ष पाण्यात किती विरघळतो हेही. गळलेला ओझोन छातीला फार वाईट, बंद खोलीत यंत्र बसवायचं तर गळतीचा अलार्म हवाच.

हायड्रोजन पेरॉक्साइड जंतू मारायला या डोसमध्ये कमजोर आहे. जिवाणूंकडे कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. थोडा गाळ घेऊन त्यावर थेंब टाका, फसफसताना दिसेल. साठवण टाकीतल्या सल्फाइडचा वास तात्पुरता मारायला मात्र ते चांगलं, १ मिलिग्रॅम सल्फाइडला साधारण तेवढंच लागतं. पण ब्लोअर नीट चालला तर त्याचीही गरज नाही.

पेरॉक्साइडचं खरं घर म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी. पीएच ३ च्या आसपास लोहाच्या क्षाराबरोबर ते टाकलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो आणि जिवाणूंना न पचणारे रंग, औषधांचे रेणू तो फोडतो. फेंटन पद्धत म्हणतात ती हीच. वाळूजकडच्या एका कारखान्यात ही पद्धत नवी बसवली होती. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा आकडा, कमी होण्याऐवजी वाढत गेला. केमिस्टने पेरॉक्साइड वाढवलं, आकडा आणखी वाढला. पुन्हा वाढवलं. मला बोलावलं तेव्हा मी नमुन्यात पेरॉक्साइडची पट्टी बुडवली, ती गडद निळी. सीओडीच्या चाचणीतलं डायक्रोमेट उरलेल्या पेरॉक्साइडलाच खात होतं. १ मिलिग्रॅम पेरॉक्साइड सुमारे ०.४७ मिलिग्रॅम सीओडी म्हणून दिसतं. ५०० उरलं तर २३५ चा खोटा सीओडी. घाण कधीच गेली होती, उरलं होतं ते औषध. पीएच वाढवून, लोहाचा गाळ बसवून, उरलेलं पेरॉक्साइड संपवून मग नमुना लावला, आणि डोस निम्म्यावर आणला. हे तुम्हाला लागू नाही, पण विक्रेत्याने "पेरॉक्साइडने सीओडी उतरतो" म्हटलं तर लक्षात असू द्या.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर विहिरीला ठीक, तुमच्या डोसिंग पंपाला नाही. चुन्याचा गाळ फ्लशच्या व्हॉल्व्हमध्ये बसतो. क्लोरीन डायऑक्साइड उत्तम, अमोनियाच्या नादी लागत नाही, पण तो जागेवर दोन रसायनांपासून बनवावा लागतो. वसतिगृहाच्या चौकीदाराच्या हाती ते देऊ नये.

सुरक्षिततेवर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणी निवळायला वापरतात ते पीएसी आणि हायपो, दोन्ही ५० किलोच्या सारख्याच निळ्या कॅनमध्ये येतात. पीएसी आम्लधर्मी. एका प्लँटवर रात्री नव्या मुलाने पीएसीचा कॅन हायपोच्या टाकीत ओतला. दोन मिनिटांत खोलीत हिरवट-पिवळा क्लोरीन. तो वायू हवेपेक्षा अडीचपट जड, जमिनीलगत पसरतो. मुलगा खाली वाकून व्हॉल्व्ह बंद करायला गेला आणि त्याच्याच तोंडावर आला. वाचला, पण चार दिवस दवाखान्यात होता. तेव्हापासून मी हायपोच्या कॅनला लाल पट्टा आणि पीएसी, अॅसिड वेगळ्या खोलीत, हा नियम मोडू दिला नाही. गळती झालीच तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि उंचावर जायचं, हे प्रत्येकाला पाठ हवं.

बागेबद्दल. क्लोरीन जंतांच्या अंड्यांना मारत नाही. ती गाळात बसतात नाहीतर फिल्टरमध्ये अडकतात. म्हणून या पाण्यावर कोथिंबीर, मेथी, पालक लावू नका. झाडं, हिरवळ ठीक, आणि तुषार सिंचनाऐवजी ठिबक किंवा आळ्यात सोडा. उरलेलं पाणी बोअरमध्ये सोडून भूजल वाढवू असा विचार कुणी मांडला तर तिथल्या तिथे थांबवा. आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांमधून ते न गाळताच शेजारच्या पिण्याच्या बोअरमध्ये जातं, सोबत क्लोरीन आणि सेंद्रिय घाणीपासून बनलेली क्लोरोफॉर्मसारखी रसायनंही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस मी तिथे पाहिलेत. मांजरा आटली तरी साडेचारशे मुलांच्या फ्लशचं पाणी तुमच्याच आवारात तयार होतं, म्हणून हा प्लँट नीट चालावा असं मला मनापासून वाटतं.

आठवडाभर एवढंच करा: ताजा कॅन, नळी कार्बननंतर, ब्लोअर रात्रभर, फिल्टर धुतलेला. मग चार आकडे मला कळवा: ब्युरेटचं वाचन, सहा बाटल्यांचे निकाल, सकाळचं नायट्राइट, आणि मिठाचं पाणी कितव्या मिनिटाला बाहेर आलं. त्यावरून डोस मी काढून देतो. ओझोनवाल्याला तोपर्यंत थांबायला सांगा.